आधी चांगला पाय

बुऱ्हाणपुरात सगळी माणसं एकमेकांना तोंडावरून ओळखतात. आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, तेवढे घोट्यांवरून ओळखतात. हाडांचे डॉक्टर असले म्हणून काय झालं! मी दारात उभा राहिलो की त्यांची नजर थेट माझ्या चपलांवर. "साळेबुवा, डावी टाच बाहेरून झिजली," हे आमचं स्वागत. चहाचं नंतर.

केळीच्या बागेत पाणी सोडलं की दापोऱ्याकडच्या कुणाचा तरी पाय चिखलात मुरगळतोच. तो बिचारा लंगडत येतो, सुजलेला पाय पुढे करतो, आणि दाजी तो सोडून धडधाकट पाय मांडीवर घेतात. एका हाताने नडगी धरून दुसऱ्याने टाच पुढे ओढतात, मग पाऊल आत कलवून पाहतात. "डॉक्टरसाब, हा नाही, तो दुखून राहिला!" दाजी ढिम्म. "प्रत्येकाचा सांधा निराळा. तुझा चांगला पाय किती सैल, ते कळल्याबिगर दुखऱ्याची शीर तुटली की नुसती ताणली, कसं सांगू?" एका लग्नात नाचता नाचता नवरदेवाचा पाय मुरगळला, तर दाजींनी भर मांडवात त्याचा चांगला पाय इतका निरखून हलवला की मुलीकडच्यांना वाटलं, पोरात काहीतरी खोट आहे.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. ती रांगत होती तेव्हाच दाजींनी जाहीर केलं होतं, हिच्या वरातीपुढे मी नाचणार! आणि लग्न आठवड्यावर आलेलं असताना, पुढे चाललेल्या पाहुण्याची चाल न्याहाळत जिना उतरताना दाजींचाच पाय मुरगळला. आपला घोटा आपण तपासावा, तर दुखेल या धास्तीने पाय आपोआप ताठ होतो. शेवटी भाचीच पुढे सरसावली. बापाच्या दवाखान्यातच ती लहानाची मोठी झालेली. तिने शांतपणे दाजींचा चांगला पाय मांडीवर घेतला.

"अगं, हा नाही, तो!" दाजी किंचाळले.

आमची हसून हसून पुरेवाट झाली. पण दुखरी टाच ओढली, तेव्हा ती चांगल्यापेक्षा जरा जास्तच सरकली, म्हणजे शीर तुटलेली. "बाबा, नाच कॅन्सल," भाची म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

वरात आली तेव्हा दाजी मांडवाच्या दारात खुर्चीवर बसून नुसत्या हातांनी नाचले. पाठवणीच्या वेळी भाची वाकली. तिने आधी चांगल्या पायाला हात लावला, मग जपून, पट्टी बांधलेल्या पायाला. "आधी चांगला, ना बाबा?" म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. दाजींनी तिच्या पावलांकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी जैनाबादच्या रस्त्याला वळेपर्यंत ते काचेतून दिसणारा तिचा चेहरा बघत राहिले.