मामांच्या भरदुपारच्या गोष्टी

माझे मामा जन्मात कधी खोटं बोलले नाहीत, आणि आमच्या घराण्याला धास्ती होती ती याचीच. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आई आम्हाला बजावायची. पण नाशिक रोडच्या कॉलनीतली पोरं मामांकडे जमायची ती दुपारीच, आणि मागणाऱ्याला नाही म्हणणं मामांना जमत नसे. प्रामाणिक कुंभार, शेवटची भाकरी देऊन टाकणारी म्हातारी. गोष्ट संपली की तात्पर्य सांगायचे, पिशवी घेऊन भाजीला निघायचे आणि खरोखर चुकायचे. एकदा पार नांदगावला सापडले, एकदा दूर पेठ गावात. "अहो, कोथिंबिरीला पेठला?" मामी विचारायची. "ती भाकरीवाली म्हातारी भेटली," मामा चपला काढत शांतपणे सांगायचे, "वळणापर्यंत सोडायला आली होती. चिखलातून बरोबर चालली, पण मागे वळून पाहिलं तर पावलं माझ्या एकट्याची." दुसरं कुणी म्हणालं असतं तर आम्ही हसलो असतो. मी मात्र चहा संपवायचो आणि घरी जाताना, चांगला दोन पोरांचा बाप असूनही, चारदा मागे बघायचो.

दर खेपेला परतायला जास्तच वेळ लागू लागला, तेव्हा मामीने दिवसा गोष्ट न सांगण्याचं वचन घेतलं. मामांनी ते दोन वर्षं पाळलं. मग माझी धाकटी तापाने पडली. तीन दिवस पोटात अन्न नाही. मामा दुपारी मोसंबी घेऊन आले. "मामाआजोबा, गोष्ट," ती पुटपुटली.

"वचन दिलंय रे," मामा मला म्हणाले.

"एकच, मामा. लहानशी."

मी शिकलेला माणूस. असल्या समजुतींवर माझा विश्वास नव्हता, आणि चालत घरी जायचं होतं ते मामांना. त्यांनी म्हातारीची गोष्ट सांगितली. पोरीने वाटीभर पेज घेतली. दारात मामा जरा थांबले. "मी सांगितली म्हणून मामीला सांग हं. लपवू नकोस."

त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तिथे ते पोचले नाहीत. नांदगाव, पेठ, इस्पितळं, सगळं पालथं घातलं. आठव्या दिवशी मामीने विचारलं, "तुझ्याकडे गोष्ट सांगितली का रे त्यांनी?"

"नाही," मी म्हणालो.

"मग येतील," असं म्हणून ती कणीक भिजवायला उठली.

आता इतकी वर्षं झाली, दुपारी तिचं दार उघडंच असतं. दर वेळी खरं सांगायचं ठरवून जातो. मामी आधी वाढते, आणि मी जेवून परत येतो.