रांग सर्वांना एकच

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. मोताळ्याकडच्या एका आरोग्य प्रतिष्ठानात मला नोकरी लागली, तेव्हा ते नुकतंच सुरू होत होतं. कामाची मूल्यं ठरवायला बैठक झाली आणि मराठी बरं लिहिते म्हणून वाक्यं जुळवायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘इथे कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. रांग सर्वांना एकच.’ पेंटरने ती ओळ फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर निळ्या अक्षरांत रंगवली.

आम्ही त्या ओळीला जागलोही. आमच्या गावात गाडी आली, तेव्हा सरपंचांचा भाऊ थेट डॉक्टरांच्या टेबलापाशी गेला. डॉक्टरांनी त्याला शांतपणे रांगेच्या शेवटी पाठवलं. तिथे उभी असलेली बौद्धवाड्यातली म्हातारी त्याला म्हणाली, “या भाऊ, माह्या मागं उभे राहा. इथं सावली बी हाये.” सगळी रांग हसली. ही गोष्ट पुढे मी पाहुण्यांना कितीदा सांगितली असेल.

गाडी सकाळी यायची आणि दुपारी जायची. त्या वेळेबद्दल बैठकीत कुणीच काही बोललं नव्हतं.

आईच्या मजुरीच्या टोळीत शेजारची एक बाई होती. मी तिला मावशी म्हणायची. टोळी गुत्त्यावर काम घेते, म्हणजे अख्ख्या शेताचा ठरलेला पैसा सगळ्या बायांत सारखा वाटायचा. एक बाई आली नाही तर तिची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, दुसरीला ओढावी लागते. माझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी आई माझ्याबरोबर चिखलीला आली, त्या दिवशी मावशीने दोन पाती ओढल्या होत्या. म्हणूनच स्वतः खाडा करायचं तिच्या जिवावर यायचं.

निंदणीच्या दिवसांत तिने मला सहज सांगितलं, “डोकं लय ठणकते वं. अन् दिव्याभोवती रंगीत कडं दिसते.”

“गाडी आली की डोळे दाखव, मावशी.”

“गाडी येते तवा मी वावरात. मी येते तवा तुही गाडी गेलेली.”

टोळी उजाडताच जीपमध्ये बसून जायची आणि अंधार पडताना परत यायची. पुढे सोयाबीन कापायची सोंगणी आली. तेव्हा मावशी दाराच्या चौकटीला डाव्या खांद्याने धडकू लागली होती. बाया तिला चिडवायच्या, “काऊन वं, पिऊन आली का काय?” तीही हसायची.

मग मी तिला म्हटलं, “एक दिवस थोडी उशिरा जा. गाडी आली की तुझा नंबर पहिला लावते.”

ती म्हणाली, “नाही माय. सरपंचाच्या भावाले मागं धाडलं, अन् आता मले पुढं घुसवतं? लोकं तुले काय म्हनतीन?”

मला तेव्हा तिचा अभिमान वाटला. आपली ओळ गावात रुजली, असं मी ऑफिसात सांगितलंसुद्धा. सगळ्यांनी कौतुक केलं. तिचा डोळा तपासायचा राहिला आहे, हे माझ्यासकट कुणाच्याच बोलण्यात आलं नाही.

दिवाळीनंतर काम थोडं कमी झालं तेव्हा ती आली, रांगेत उभी राहिली आणि तिचा नंबर लागला. डॉक्टरांनी तिला लगेच बुलढाण्याला पाठवलं. मी सोबत होते. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती. उजवा औषधाने राखता येईल, पण गेलेली नजर परत येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मावशीने एवढंच विचारलं, “सोंगणीच्या आधी आली असती तं?” डॉक्टरीणबाईंनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. मग म्हणाल्या, “आता आहे ते सांभाळू.”

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. कुणी वाद घातला नाही. रांग एकच असली तरी तिच्यात उभं राहायला सगळ्यांकडे सकाळ नसते, हे आम्हाला एवढ्या उशिरा कळलं. आता हंगामात गाडी संध्याकाळी येते आणि टोळी जीपमधून उतरेपर्यंत थांबते. आईच्या रक्तातली वाढलेली साखर तिथेच सापडली, वेळेत. ज्या प्रतिष्ठानाने मला माणसांत आणलं, त्याचे उपकार मी विसरलेले नाही. पण हा बदल मावशीच्या गेलेल्या डोळ्याच्या कामी आला नाही.

ती आता टोळीत जात नाही. विळा चालवताना डाव्या बाजूचं दिसत नाही, हात कापला जातो. उजव्या डोळ्यात औषध मी सकाळी कामाला निघताना घालते आणि संध्याकाळी आल्यावर पुन्हा. कधी घाईत तिच्या डाव्या बाजूने जाते आणि आवाज द्यायचं विसरते. ती दचकते. मग चेहरा माझ्याकडे पूर्ण वळवून म्हणते, “तू हायेस व्हय?”