गडग्याबाहेरचं टपाल

माझ्या डाव्या पोटरीवर चार दातांच्या खुणा आहेत. तो कुत्रा केव्हाच मेला, त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो झोपाळ्यावर बसून हसणाऱ्या त्याच्या मालकावर, आणि तो मी आजवर जपून ठेवला आहे.

सन तीसच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीच्या टपाल कचेरीतून मी आसपासच्या वाड्यांवर टपाल वाटत असे. एका खोतांच्या अंगणात पत्र घेऊन शिरलो आणि मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याने पोटरी धरली. खोत झोपाळ्यावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तुझी चालच चोरट्यासारखी. कुत्र्याला माणसं बरोबर कळतात." त्यांची म्हातारी आई मात्र तांब्या घेऊन धावली. तिने जखम धुतली, हळद दाबली आणि लेकाला म्हणाली, "अरे, बांधून घाल मेल्याला." लेकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चौदा दिवस पोटात सुया टोचून घेतल्या. पोस्टमास्तरांकडे तक्रार केली, तर म्हणाले, "खोत आहेत ते. तू जपून जात जा." कुत्रा त्यांचा आणि जपायचं मी. तिथेच ठरवलं, कुत्रा साखळीला बांधल्याशिवाय त्या घराच्या दगड रचलेल्या गडग्याआत पाऊल टाकायचं नाही. आणि खोतांना याचा पुरता त्रास होईल असं करायचं.

आमच्याकडे मयताचं कार्ड घरात नेत नाहीत. टपालवाला गडग्याबाहेरूनच हाक मारतो, घरचं माणूस तिथे येऊन उभ्या उभ्या वाचतं, कार्ड फाडून टाकतं आणि आंघोळ करून मगच आत जातं. बाकीचं टपाल पडवीत पोचवायचं. हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. मी खोतांचं सगळंच टपाल बाहेरून द्यायला लागलो. सगळ्या पाखाडीला ऐकू जाईल अशी हाक मारायची, "खोतानू, भायेर या. टपाल हाय."

पहिल्याच दिवशी समोरची बाई हातातलं सूप टाकून धावली. "कोन गेला वो खोतांकडं?"

"मला काय म्हाईत? कार्ड त्यांच्या हातात दिलाय."

संध्याकाळपर्यंत चार घरची माणसं तोंड पाडून खोतांच्या पडवीत येऊन बसली. कार्डात मुंबईच्या दलालाने आंब्याच्या पेट्या पोचल्याचं कळवलं होतं. हे मला ठाऊक होतं आणि मला मनापासून बरं वाटलं. पुढे भाच्याची लग्नपत्रिकासुद्धा मी गडग्यावरूनच दिली. खोत लालबुंद झाले. "आत आणून दे," म्हणाले. मी म्हटलं, "कुत्रा बांधा, येतो." "तुझ्यासाठी?" म्हणाले. मग दोघेही हट्टाला पेटलो.

वर्ष गेलं. लोक सरावले, खोतही सरावले. हाक ऐकून कोणी धावत येईना. टपाल घ्यायचं, न वाचता आत न्यायचं आणि देवापुढे ठेवून मग उघडायचं, अशी त्या घरची रीत झाली. मला याची चीड यायची, पण मी हाक मारणं सोडलं नाही.

भाद्रपदात, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, पालीहून त्यांच्या नावाचं कार्ड आलं. डोक्यावर श्री नव्हता. पालीला खोतांची बहीण दिली होती. ती बाळंतपणात गेली होती. कार्ड उघडंच असतं, मी वाचलं होतं.

गडग्यापाशी जाऊन नेहमीसारखी हाक मारली. म्हातारीच बाहेर आली. "पालीचं का रे बाबा? गौरीला येते म्हणाली होती लेक." मी सांगणार होतो. शब्द तोंडाशी आला होता. तेवढ्यात मागून खोत ओरडले, "आला का चोर? दे आणि चालता हो."

मी कार्ड तसंच तिच्या हातात दिलं.

तिने ते कपाळाला लावलं. जाता जाता वळून म्हणाली, "आज त्याला बांधायला लावलाय मी. आत ये, मोदक खाऊन जा." खरंच, माडाच्या बुंध्याला नवी साखळी होती आणि कुत्रा मुकाट बसला होता. मी तिला त्या क्षणीही थांबवू शकलो असतो. ती कार्ड घेऊन आत गेली आणि तिने ते गणपतीच्या पायाशी ठेवलं.

मी गडग्याशीच उभा होतो; थोड्या वेळाने आतून खोतांचा रडण्याचा आवाज आला, मग तिचा. घराला सुतक लागलं म्हणून गणपती त्याच दुपारी शेजाऱ्यांनी विसर्जनाला उचलून नेला. खोत पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत, त्याचं मला काही वाटलं नाही. ते रडले याचंही नाही. पण ज्या हातांनी माझी पोटरी धुतली, त्याच हातांत मी ते कार्ड ठेवलं होतं. पुढे कुत्रा कायम बांधलेला असे. तरी मी त्या गडग्याच्या आत कधी गेलो नाही.