आधी अण्णांची गोळी

अण्णा कुत्र्याला 'आपण' म्हणत. सोसायटीच्या चेअरमनला 'तुम्ही'सुद्धा नाइलाजाने म्हणत.

कर्वेनगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे हे निवृत्त हेडक्लार्क. मुलगा परदेशी जाताना मोती नावाचं म्हातारं पॉमेरेनियन त्यांच्याकडे ठेवून गेला. "बरं झालं, दोघांतला एक तरी गप्प असतो," असं अण्णा म्हणत.

मग मोती खोकायला लागला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाची झडप गळतेय असं सांगितलं. हृदयाला बळ देणारी एक गोळी, छातीतलं पाणी काढणारी दुसरी, आणि दोन्ही कायमच्या. शिवाय झोपेत श्वास वाढतोय का, यावर लक्ष ठेवायचं. दुपारी मोती झोपला की अण्णा पेपर बाजूला ठेवून त्याच्या पोटाकडे बघत बसत. मी बेल वाजवली तर ओठांवर बोट ठेवूनच दार उघडत. तो खोकला समोरून ऐकू आला की माझी तव्यावरची पोळी करपे.

पाण्याची गोळी कशाला, असं मी एकदा विचारलं. "खडकवासल्याच्या धरणासारखंच आहे. वेळेवर पाणी सोडलं नाही, तर घरात शिरतं," अण्णा म्हणाले. बोलताना ते हसले नाहीत.

पण मोती गोळी घेईना. पेढ्यात घालून दिली, तर पेढा खाऊन गोळी फरशीवर ठेवी. अखेर अण्णांनी इतके दिवस टाळलेली स्वतःची प्रेशरची गोळी त्याच्यासमोर गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. मोतीने हुंगून खात्री केली, मगच आपली घेतली. पुढे तोच रिवाज पडला. माझ्याही प्रेशरच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत हे कळल्यावर अण्णा म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे कुत्रं नाही, म्हणून चाललंय हे."

एका सकाळी अण्णाच दारात कोसळले. स्ट्रेचरवरून माझा हात धरून एवढंच म्हणाले, "त्याची गोळी राहिलीय."

ते परत आले नाहीत.

त्या दिवशी मोतीला मी घरी आणलं. गोळी पुढे केली, त्याने तोंड फिरवलं. पेढाही नको. त्याचं पोट भात्यासारखं हलत होतं. शेवटी ड्रॉवर उघडला, त्याच्यासमोर फरशीवर बसले, माझी गोळी गिळली आणि तोंड उघडलं. मोतीने हुंगलं, एकदा उघड्या दारातून समोरच्या बंद दाराकडे बघितलं, आणि गोळी घेतली.

हल्ली दुपारी तो झोपला की मी त्याच्या पोटाकडे बघत बसते. कुणी बेल वाजवली तर ओठांवर बोट ठेवूनच दार उघडते.