शिवेपर्यंत पोचवणं

आमच्या डोंगरातल्या त्या चकमकीला पेपरवाले आता ‘ऐतिहासिक’ म्हणतात. म्हणोत बापडे. तिच्या आदल्या दिवशी जवान आमच्या दारावरून गेले आणि माझ्या बापाचं गाव सुटलं, एवढंच मला माहीत आहे.

एटापल्लीकडच्या आमच्या गावाला डांबरी सडक झाल्यापासून जुन्या गाडीवाटेने ढोरांशिवाय कोणी जात नव्हतं. पण डांबरीवर सुरुंगाची भीती, म्हणून जवान याच वाटेने आले. एकामागे एक, संपता संपेनात. मोहाचे दिवस होते. मी गडचिरोलीहून नोकरीची सुट्टी टाकून फुलं वेचायला आले होते. सारं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेलं, कोणी मान वर करेना.

पाच-सहा जवान आमच्या अंगणात पाणी प्यायला थांबले. पाणी मागितलं तर द्यावंच लागतं, त्याचा कोणी राग धरत नाही. पण बाबा काठी घेऊन उठले. घरचं पाणी प्यायलेल्या माणसाला शिवेपर्यंत पोचवायचं, ही आमच्याकडची रीत. मी डोळे वटारले.

“बाबा, गुमान बसा ना!”

“पाणी पेलेल्या मानसाले दारातूनच वाटेले लावाचं का? आपल्यात असं नाई रायत.”

हट्ट म्हणजे हट्ट. लंगडत लंगडत शिवेच्या दगडापर्यंत गेले, वर जवानांना हातही जोडले. साऱ्या गावाने पाहिलं. गावाने पाहिलं की जंगलात नक्षल्यांना कळतंच.

दुसऱ्या दिवशी डोंगरात दुपारपर्यंत गोळीबार चालला. पुढचे तीन दिवस आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी गावातली चार जाणती माणसं आली.

“भाऊ, जंगलवाले विचारून राह्यले, वाट कोनं दाखवली म्हनून. तू जरा बाहेर राय.”

“मी कुठी वाट दाखवली? वाट तं त्याइले दिसतच होती. मी पोचवाले गेलतो.”

खरंच होतं. पण ते पटवायचं कोणाला? ठाण्यात जावं तर संशय पक्का, गावात राहावं तर जीव जायचा. मी बाबांचे दोन कपडे पिशवीत भरले आणि त्यांना माझ्या खोलीवर घेऊन आले.

इथे त्यांचं एकच चालू असतं. “मी जातो, जंगलवाल्याइले समजावून सांगतो. ते पाणी पेवाले आले तं त्याइलेबी पोचवीन.” दोनदा मी त्यांना एस.टी. स्टँडवरून परत आणलं. दुसऱ्या वेळी तर एटापल्लीच्या गाडीत खिडकीशी बसले होते.

तेव्हापासून मी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावते. सख्ख्या बापाला कोंडते. मेल्याहून मेल्यासारखं होतं. शेजारणीने विचारलं तर म्हणते, म्हातारे विसरभोळे झालेत.

पहिल्या दिवशी काही केल्या कडी बसेना. मला वाटलं, आता बाबा ओरडतील, दार वाजवतील.

आतून बाबांचा आवाज आला, “बाई, दरवाजा जरासा आपल्याकडे ओढून धर, मंग लागते.”