गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हणणारा

माझा देवावर विश्वास लहानपणापासून आहे, विमानावर मात्र कधीच नव्हता. त्यामुळे जेव्हा एकाच दिवसात एकामागून एक विघ्नं येत गेली, तेव्हा मनात पहिला विचार आला तो हाच, की देवच मला सांगतोय, बाई, जाऊ नकोस. देवाच्या नावावर आपण आपली भीती किती सहज खपवतो, हे मला त्या दिवशी कळलं. आज नैरोबीत लेकीच्या घराच्या व्हरांड्यात बसून हे लिहिते आहे. मी सातवीपर्यंत शिकले. पुढची सगळी वर्षं लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्या निवडण्यात आणि डंखाच्या यंत्रावर मसाला कुटून घेण्यात गेली. त्यामुळे मांडणीत कमीजास्त असेल, पण जे घडलं तेच लिहीन.

माझी एकुलती एक मुलगी सुजाता सहा वर्षांपूर्वी इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आली. हे, म्हणजे सुजाताचे वडील, गेल्यावर मी घरात एकटीच. सुट्टीत ये, हत्ती-जिराफ दाखवते, असं ती दर वर्षी म्हणायची. दोनदा तिने तिकीट काढलं आणि दोन्ही वेळा मी गेले नाही. पहिल्यांदा तर टॅक्सी शीवपर्यंत गेली होती. तिथून छातीत धडधडतंय म्हणून मी ती वळवली. दुसऱ्यांदा गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखत होता हे खरं, पण त्याच गुडघ्याने मी त्या मंगळवारी प्रभादेवीला चालत जाऊन गणपतीच्या रांगेत उभी होते. सुजाताला हे शेजाऱ्यांकडून कळलं. ती भांडली नाही. यंदा तिसरं तिकीट पाठवताना फोनवर शांतपणे म्हणाली, "आई, तू नाही आलीस तरी मी रागावणार नाही. पण पुन्हा बोलवणारही नाही. दर वेळी विमानतळावर उभं राहून मला स्वतःची समजूत घालता येत नाही." तिचा तो शांत आवाज माझ्या काळजात रुतून बसला. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आमच्याकडे कोकणी माणसांत कुठलंही मोठं काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. देवापुढे नारळ ठेवायचा आणि जाणत्या पुरुषाने मोठ्याने देवाला सगळं सांगायचं, कोण कुठे चाललंय, का चाललंय, काय सांभाळायचं. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही अकराव्या मजल्यावर गेलो, तरी ही रीत सुटलेली नाही. समोरच्या दारातले तात्या, म्हणजे यांचे गिरणीतले जोडीदार, आमच्या मजल्याचे गाऱ्हाणेवाले. निघायच्या दिवशी पहाटे पाचलाच ते आंघोळ करून हजर झाले. मी पासपोर्ट, तिकिटाचे कागद आणि पिवळ्या तापाची लस टोचल्याचं ते पिवळं पुस्तक असं सगळं देव्हाऱ्यापुढे मांडून हळदकुंकू लावलं होतं. पंख्याने कागद उडायला लागले, म्हणून पुस्तक ताम्हणाखाली सरकवलं. त्याच ताम्हणात नारळ ठेवला.

तात्यांनी डोळे मिटले. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा, तुझा ह्या लेकरू आज समुद्रापार लेकीक भेटूक चाललाहा. तेका सुखरूप ने आणि सुखरूप परत हाड रे म्हाराजा." आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा." मग एक डोळा उघडून तात्या माझ्याकडे बघत म्हणाले, "आणि ह्या वक्ताक टॅक्सी शीवेवरसून मागे फिरूक लागली, तर हिची बुद्धी फिरव, टॅक्सी नको." तात्यांची बायको हसू दाबत म्हणाली, "व्हय म्हाराजा," आणि मग सगळा मजला हसला. मीही हसले. त्या हसण्यातच कागद उचलले आणि निघाले.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितला आणि म्हणाली, "काकू, यलो फीवरचं कार्ड?" मी पर्स उपसली, पिशवी उपसली. आणि मग ताम्हण डोळ्यांसमोर आलं. देवाने नीट सांभाळावं म्हणून जे देवापुढे ठेवलं, ते देवापाशीच राहिलं होतं. पोरगी समजूतदार होती, पण नियमापुढे तिचा इलाज नव्हता. काउंटर बंद व्हायच्या आत पुस्तक आणा, म्हणाली. घराची किल्ली तात्यांकडे होती, त्यांना फोन लावून पुस्तक कुठे आहे ते सांगितलं. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "येतंय, थयच ऱ्हवा." पंच्याहत्तरीतला माणूस लेंग्यावर शर्ट चढवून टॅक्सीत बसला आणि काउंटर बंद व्हायला थोडाच अवकाश असताना गेटवर उभा राहिला. गेटवरच्या जवानाने पुस्तक माझ्या हाती दिलं. त्यावर माझ्याच अंगठ्याचं कुंकू सुकलेलं होतं. काचेपलीकडून तात्या हातवारे करत होते, पळ, पळ. मी पळाले. या गडबडीत एक गोष्ट राहिली. विमानात बसल्यावर 'बसले' एवढा एकच शब्द सुजाताला पाठवायचा ठरला होता. तो पाठवायचा राहून गेला.

पुढे विमान जागचं हलेना. कसलासा बिघाड होता. दोन तास आम्ही फोन बंद करून, पट्टे बांधून नुसते बसून होतो. शेवटी उडालं, पण आखातातल्या ज्या विमानतळावर विमान बदलायचं होतं तिथे पोचलो, तेव्हा नैरोबीचं विमान निघून गेलं होतं. फोन काढला तर त्यावर नेटवर्कची एक रेघ उमटेना. परदेशात तो चालू राहावा म्हणून काहीतरी करून घ्यायचं असतं, ते मी केलंच नव्हतं. तिथलं फुकटचं इंटरनेट सुरू करायला एक नंबर पाठवतात म्हणे, आणि तो नंबर त्या बंद फोनवरच येणार. म्हणजे कुलपाची किल्ली पेटीच्या आत.

मदतीच्या काउंटरवर एक बाई हिंदी बोलत होती. ती म्हणाली, नैरोबीचं पुढचं विमान उद्या सकाळी आहे, रात्रीची सोय कंपनी करेल. माझे डोळे भरून आलेले बघून तिने दयेनेच विचारलं, "मॅडम, मुंबई वापस जाना है? दो घंटे में फ्लाइट है, सीट मिल जायेगी. सोचके बताइये."

आता जे लिहिते ते कबुलीच आहे. ते ऐकून मला हायसं वाटलं. दोन तास काढले की झालं, रात्रीपर्यंत आपल्या घरात चहा. आणि सांगायला कारणही केवढं भक्कम होतं. पुस्तक राहिलं, विमान बिघडलं, पुढचं विमान चुकलं. देवाच्याच मनात नव्हतं, असं म्हटलं असतं तर लालबागमध्ये एकानेही नाव ठेवलं नसतं. सुजातासुद्धा काही बोलली नसती. पण तेच तर. ती काहीच बोलली नसती, आणि मग कधीच बोलली नसती.

मी एका खांबाशेजारच्या बाकावर जाऊन बसले. आजूबाजूला माणसांचा पूर वाहत होता आणि त्यात एकही ओळखीचा चेहरा नव्हता. जप करायला गेले, तर तोंडात नाव टिकेना. हातात ते पिवळं पुस्तक होतं, त्यावरचं कुंकू दिसलं आणि सकाळचे तात्या आठवले. बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्यात ते पुरुषांचं काम. पण इथे पुरुष कुठून आणू, नारळ कुठून आणू. पुस्तक मांडीवर नारळासारखं धरलं, डोळे मिटले आणि घरच्या बोलीत सुरू केलं. मनात होतं, देवाला म्हणावं, मला घरी ने. पण गाऱ्हाण्याला स्वतःची एक चाल असते, ती तोंडाला लागली की आपल्याला ओढत नेते. शिवाय ते देवासमोर मोठ्याने बोलायचं असतं, तिथे खोटं टिकत नाही. मी म्हटलं, "बा देवा म्हाराजा, माका भीती वाटता. दोन वेळा मी फसवलंय माझ्या चेडवाक, माझ्या लेकीक, आणि तुझ्या नावावर फसवलंय. आज तसा करूचा नाय. माझी वाट पुढे काढ आणि माका माझ्या चेडवाक भेटव रे म्हाराजा."

आणि थांबले. कारण तिथे थांबायचंच असतं, लोकांच्या उत्तरासाठी. उत्तर देणारं कोण होतं? त्या क्षणाइतकी एकटी मी यांच्या जाण्यानंतरही नव्हते.

माझ्या पाठीमागून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

डोळे उघडून वळले. साठीकडे झुकलेला, पांढऱ्या दाढीचा एक माणूस रिकामी व्हीलचेअर धरून उभा होता. अंगावर विमानतळाचा गणवेश. जरा ओशाळून म्हणाला, "माफ करा हां, आक्का. कानार पडला आणि तोंडातसून गेला. गाऱ्हाण्याक व्हय म्हणूचाच लागता. अर्ध्यार सोडूचा नसता." त्यांचं नाव इब्राहीमभाई. देवगडच्या बाजूचे, चोवीस वर्षं तिथे व्हीलचेअर ढकलण्याचं काम करत होते. त्यांच्या गावात ग्रामदेवाची पालखी त्यांच्या दारातही थांबायची, घरचा नारळ घ्यायची आणि गाऱ्हाणं व्हायचं, तेव्हा त्यांचे वडील आणि मागून घरातली सगळी पोरं 'व्हय म्हाराजा' म्हणायची. "चोवीस वरसांत हय गाऱ्हाणा ऐकला नव्हता," ते म्हणाले. "माका वाटला, मीच गावाक पोचलंय."

मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सल्ला असा काही दिलाच नाही. म्हणाले, "आता तुम्ही काय सांगितलास देवाक? पुढे. मी व्हय म्हटलंय. आता मागे गेलात तर मी खोटो पडान." आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला.

सुजाता शाळेत फोन बंद ठेवते. त्या दिवशी मेसेज आला नाही म्हणून तिने तो चालू ठेवला होता. तात्यांना विचारलं, तर ते म्हणाले होते, पुस्तक दिलंय, पुढचा देवाक ठावक. तिने अनोळखी नंबर उचलला. माझा आवाज तिने लगेच ओळखला.

"आई, कुठे आहेस?"

"मधल्या विमानतळावर. विमान चुकलं."

मग अगदी हळू, "परत निघालीस ना?"

"नाही," मी म्हटलं. "उद्या सकाळच्या विमानाने पुढे येत्येय."

पलीकडे वर्गातल्या मुलांचा गलका ऐकू येत होता. त्यातून तिचं नाक ओढणं मला स्पष्ट कळलं. म्हणाली, "काही खाल्लंस का?" सहा वर्षांत तिने मला विचारलेला हा सगळ्यात गोड प्रश्न.

इब्राहीमभाईंनी मला काउंटरवर नेऊन उद्याचं तिकीट करून दिलं. त्या बाईला म्हणाले, "ये हमारे गाँव की है." आमची गावं वेगळी, पण मी दुरुस्त केलं नाही. मला विश्रांतीच्या खोलीपर्यंत पोचवून ते कामाला गेले. सकाळी निघताना मी त्यांना शोधलं, पण त्यांची पाळी संपली होती. माझ्याजवळ मसाल्याची एक पुडी होती, ती काउंटरवरच्या बाईकडे त्यांच्यासाठी ठेवून आले. त्यांना मिळाली असेल असं मी धरून चालते.

ते तिथे कसे, त्याच वेळी कसे, याचा मी फार विचार करत नाही. त्यांची ड्यूटी तिथे होती म्हणून ते तिथे होते, असंही कोणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. मला एवढंच कळलं, की देवाला सांगायचं आपण असतं, तेही मोठ्याने आणि खरं. त्याला 'व्हय' म्हणणारं माणूस कुठे उभं करायचं, ते तो बघतो. इतकी वर्षं मी दोन्ही कामं स्वतःच करत होते. स्वतःच सांगायचं, स्वतःच उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर नेहमी माझ्या भीतीच्या बाजूचं असायचं.

आज सकाळी आम्ही जंगल बघायला निघालो. सुजाता गाडी चालवणार होती. तिने किल्ली हातात घेतली, पण फिरवली नाही. लहानपणी ही मुलगी गाऱ्हाण्याच्या वेळी हसू आवरत नाही म्हणून तिला बाहेर पाठवायला लागायचं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "घाल की आई. नारळ नाहीये, अॅव्होकॅडो आहे."

मी ते हिरवं फळ ओंजळीत धरलं, डोळे मिटले. रवळनाथाला सांगितलं की बाबा, पोचले. तुझ्या माणसाने व्हय म्हटलं म्हणून पोचले. तात्यांना बरं ठेव, इब्राहीमभाईंना एकदा त्यांच्या गावची पालखी दाखव, आणि आमची ही गाडी सांभाळ रे म्हाराजा.

आणि थांबले. या वेळी मला फार वाट बघावी लागली नाही.