व्हिसापुरता साखरपुडा

आमच्या लेकीला झोपलेली द्राक्षवेल बघायची होती. एवढंच. लोकांना वाटायचं, हिला विमानात बसायचंय, गोऱ्या लोकांत मिरवायचंय. तसं काही नव्हतं हो. कोल्हापूरला शेतकी कॉलेजात शिकली, पदवी घेतली आणि डोक्यात हे एक खूळ घेऊन सांगलीला घरी आली.

मी सातवी शिकलेली बाई. माहेर माझं मेढ्याकडचं, डोंगरातलं, भात-नाचणीचं. द्राक्षातलं मला काय कळतंय! तीच मला मेथी निवडता निवडता सांगायची. "आई, आपल्याकडं वेल कधी झोपतच नाही. तेवढी थंडीच पडत नाही ना. म्हणून आपण तिला एप्रिलमध्ये खरडून काढतो, ऑक्टोबरात परत छाटतो, वर्षातनं दोनदा दामटून उठवतो. पृथ्वीच्या पार दक्षिणेकडच्या देशांत उलटं, तिकडं जून-जुलैत कडाक्याची थंडी. सगळी पानं गळतात आणि वेल महिनेच्या महिने गाढ झोपते. मग आपली आपण जागी होते. मला ते बघायचंय. झोप पुरी झालेल्या वेलीला फूट कशी येते ते."

मी म्हटलं, "बाई गं, त्या वेलीच्या झोपेपायी तू माझी झोप उडवलीस."

ही गोष्ट नव्वदनंतरच्या काळातली. शेतकी शिकलेल्या मुलामुलींना एक वर्षाचा व्हिसा देणारी एका देशाची योजना होती. हंगामात तिथल्या बागेत काम करायचं, मिळालेल्या मजुरीत राहायचं, हिंडायचं, वर्ष संपलं की परत. कॉलेजातल्या सरांनी हिला ते सांगितलं आणि हिनं धरून ठेवलं. तिकडच्या एका बागवाल्याचं 'ये' म्हणून पत्रही आलं. मिरजेच्या बाजूला एका बागायतदारांच्या मळ्यात ती रोज सायकलनं जायची, छाटणीवर हात बसवायला. तिथले गडी तिला 'छाटणीवाल्या मॅडम' म्हणायचे. हाताला कात्रीचे घट्टे पडले होते पोरीच्या. मी तूप लावून चोळायला बसले की हात काढून घ्यायची. म्हणायची, "राहू दे, घट्टे कामाचेत."

आमचे हे हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. फार बोलणारे नव्हते. पण पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा त्याला खुर्ची देऊन स्वतः उभे राहिले. मी तेव्हाच ओळखलं, ह्यांनाही ती जावी असं वाटतंय.

दिवाळीत ह्यांचे विट्याचे चुलतभाऊ आले. गलाईवाले. गलाई म्हणजे सोनं गाळून चोख करायचं काम. विट्याकडची माणसं त्या धंद्यापायी कुठंकुठं जाऊन राहिलीत, ह्या भावजींचं दुकान मुंबईत. माणूस प्रेमळ, पण जगाचं सगळं आपल्यालाच कळतं असं बोलणं. त्यांनी लाडू तोंडात टाकला आणि हिची फाईल चाळली.

"वैनी, कागदं समदी बरुबर हायती. पर त्यो व्हिसाचा सायब कागद बघत न्हाई. त्यो एकच बघतोय, पोरगी माघारी येणार का न्हाई. आमच्या गल्लीतल्या दोघांना तेवढ्यावरनंच हाकललं."

"येणारच की. न यायला काय झालं?"

"आवं, ते तुमाला ठावं. त्येला कसं कळावं? हितं काय हाय तिचं? शेत न्हाई, नोकरी न्हाई, नवरा न्हाई. दावं नसलेलं जनावर कोण मोकळं सोडंल?"

आतनं लेक ओरडली, "काका, मी जनावर आहे होय?"

"तू न्हाईस गं बाय. सायबाच्या लेखी समदीच!" आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "हिचा साखरपुडा उरका. फोटो काढा झकास. लगीन ठरल्याली पोरगी तिकडं ऱ्हाईल का? सायबाचं तोंडच बंद."

आम्ही सगळे हसलो. पण हे हसता हसता थांबले. उंब्रजचं एक स्थळ आधीच सांगून आलेलं होतं. हायवेला लागून त्यांचं खतं-बियाणांचं दुकान, मुलगा बी.कॉम., निर्व्यसनी. त्यांना आम्ही 'मुलगी वर्षभर बाहेर जाणार आहे, नंतर बघू' असं सांगून ठेवलं होतं. आता विचारलं, तर ते म्हणाले, जाऊ दे की, वरीस काय असं निघून जातंय, आमची सून फॉरेनला जाऊन आलेली म्हणू. कुणी कुणाला फसवलं नाही बरं का. सगळं उघड होतं.

लेकीला विचारलं. ती म्हणाली, "पोलिसांचा दाखला झाला, डॉक्टरांचा झाला, आता हा नवऱ्याचा दाखला. होऊन जाऊ दे."

मुलगा बघायला आला, हिनं पोहे दिले, आणि पुढच्याच पंधरवड्यात साखरपुडा. आमच्या गल्लीतल्या मंगल कार्यालयात. गलाईवाले भावजी मुंबईहून मुद्दाम आले आणि फोटोग्राफरच्या मागं उभं राहून हुकूम सोडायला लागले, "पोरी, जरा खुशीत दिस की! पाव्हणं, तुमी बी हासा. सायबाला पटाय पायजे!" उंब्रजची माणसं खो खो हसली. मुलगा बिचारा लाजाळू. अंगठी घालताना हिला हळूच म्हणाला, "येताना तिकडनं वेलीच्या काड्या आणा. आमच्या उसाच्या बांधावर लावू." हिला ते आवडलं होतं. रात्री मला दोनदा सांगितलं तिनं.

संक्रांतीच्या सुमाराला मुंबईला मुलाखतीचं बोलावणं आलं. हे तिला घेऊन गेले. भावजींच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर उतरले दोघं. मी काही गेले नव्हते, ती परत येऊन जे बोलली ते सांगते.

समोर एक बाई होती, माझ्याच वयाची. द्राक्षाचं काय काय विचारलं, हिनं सगळं धडाधड सांगितलं. बाई खूष दिसली. मग हिनं फोटोंचा अल्बम पुढं सरकवला. बाईनं एक एक पान उलटलं. विचारलं, "किती दिवसांची ओळख तुमची?"

ही म्हणाली, "दोनदा भेटलोय."

बाईला वाटलं आपलं ऐकण्यात चुकलं. "दोन वर्षं?"

"नाही, दोन वेळा. एकदा बघायला आले तेव्हा, आणि एकदा ह्या फोटोत."

बाईनं परत पहिल्या फोटोचं पान काढलं म्हणे. मग विचारलं, त्याला काय आवडतं? फावल्या वेळात काय करतो? तू जाणार म्हणून त्याला वाईट वाटतं का? बाईनं अल्बम मिटला आणि दोन्ही हातांनी हिच्याकडं परत दिला.

"आई, द्राक्षाचं सगळं आलं गं मला," ती म्हणाली. "त्याचं काहीच आलं नाही."

मी म्हटलं, "मला तरी लग्नाच्या आधी काय माहीत होतं तुझ्या बाबांचं? डबा भरायला लागले तेव्हा कळलं, कारलं चालत नाही."

"हे त्या बाईला कसं सांगायचं?"

पुढं रजिस्टर टपालानं नकार आला. इंग्रजी घरात तिलाच येत होतं, म्हणून स्वतःचा नकार मराठीत करून आम्हाला सांगायचा तोही तिनंच. उंबऱ्यात उभी राहून सांगितलं. लग्न ठरल्याचं जे दाखवलंय ते त्यांना खरं वाटलेलं नाही, मुलगी परत येईल अशी त्यांची खात्री पटत नाही. एवढं सांगून तिनं बोटातली अंगठी काढली आणि देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली.

"चला, खोटं ठरलं एकदाचं. ही परत करून टाकू. पुढच्या वर्षी नुसत्या द्राक्षावर अर्ज करते."

ह्यांच्या सदऱ्याला हळदीचा वास यायचा कायम, त्या दिवशी घरभर तोच भरून राहिल्यासारखा वाटला मला.

दोन दिवसांनी उंब्रजची माणसं आली, आमची समजूत काढायला. येताना वाळूक, घेवडा, गूळ, काय काय घेऊन आली. मुलाची आई माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेतला. "विहीणबाई, वाईट वाटून घ्यू नका. पोरीचं मन मोडलं, आमाला बी लय वाईट वाटलं. पर आता ती जाणारच न्हाई म्हटल्यावर थांबायचं कशापायी? वैशाखातला मुहूर्त धरू."

काय उत्तर द्यायचं ह्याला? तुम्हीच सांगा. वर्षभर थांबा म्हटलं होतं ते ती जाणार म्हणून. ती जात नाही. मग थांबायला कारणच उरलं नाही. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी खाली सतरंजीकडं.

माणसं गेल्यावर ती ह्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. "बाबा, तिकडं जे खोटं ठरलं ते इथं खरं कसं?"

"अगं, फोटोत दोन्हीकडची सगळी भावकी आहे," हे म्हणाले. "साखरपुडा मोडला तर तुझ्यातच काहीतरी खोट आहे म्हणतील. परदेशासाठी केला होता हे कुणाला कळणार आहे?"

शेजारच्यांच्या फोनवर भावजींचा फोन आला. मी घेतला. एवढे बोलके, पण त्या दिवशी शब्द जुळेनात. "वैनी, म्या व्हिसासाठी म्हनलो हुतो वो. पर आता मोडू नका. पोरीचं नाव खराब हुईल." मुलाकडच्यांनीही निरोप धाडला, लग्नानंतर जाईल की, आम्ही कुठं अडवतोय. मनापासून म्हणत होते. पण ती योजना बिनलग्नाच्यांचीच होती. लेकीला ते पहिल्यापासून माहीत होतं.

एका सकाळी धुण्याच्या दगडापाशी मी तिला धरलं. "तुला नको असेल तर सांग. मी एकटी जाते उंब्रजला, पाया पडते सगळ्यांच्या."

ती चादर पिळत होती. दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "काय सांगशील जाऊन? त्यांनी काय वाईट केलंय?"

तिथंच ती चादर आम्ही दोघींनी पिळली, वाळत घातली. खरंच कुणी काही वाईट केलं नव्हतं. कुणावर रागवावं तर समोर सगळी मायेची माणसं.

एप्रिलमध्ये मिरजेकडच्या बागायतदारांनी गडी पाठवला. "मॅडम, खरड छाटणी सुरू झाली, येताय ना?" ह्यांच्या बहिणी घरात पापड लाटायला जमल्या होत्या. लग्न ठरलेल्या मुलीनं उन्हातान्हात कुठं जायचं, असं त्या तिच्या आधीच बोलून गेल्या. ती पाटावरनं उठलीही नाही. सायकल मात्र गड्याबरोबर पाठवून दिली. तिकडं कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणाली.

वैशाखात लग्न झालं. हळद ह्यांनी स्वतः निवडून आणली होती. मुंडावळ्या बांधलेल्या लेकीच्या तळहातावर मी हळद लावली, तेव्हा घट्टे नव्हते. कधी मऊ पडले, माझ्याही लक्षात आलं नाही.

जावई चांगला आहे. आजही चांगलाच म्हणेन. सासू तिला नावानं हाक मारत नाही, 'बाळ' म्हणते. ती दुकानावर बसायची, हायवेचा धुरळा खतांच्या पोत्यांवरनं झटकायची. मी आपली सांगलीत कॅलेंडरकडं बघायची. आता ती तिकडं पोचली असती. आता थंडी पडली असती. आता पानं गळली असती.

पंचमीला ती पहिल्या सणाची माहेरी आली. गल्लीत पोरी झोक्यावर होत्या, ही माझ्यासमोर मेथी निवडत बसली, पहिल्यासारखीच पाय पसरून. मला इतकं बरं वाटलं की न राहवून बोलून गेले, "आता तिकडं वेल झोपली असेल ना गं?"

तिनं मेथीची जुडी झटकली.

"कुठली वेल?" ती म्हणाली, आणि पुढची जुडी सोडायला घेतली.